नाव टाकण्याचा हक्क

इस्लापूर, ता. किनवट
२० जून २०२५

चि. राजशेखर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पुस्तक मिळालं. एस.टी.च्या पार्सलनं आलं, किनवटला दोन दिवस पडून होतं. 'हिरवं अमृत : माझ्या रानातल्या एक्कावन्न भाज्या'. मुखपृष्ठावर तुझा फोटो भाजीपेक्षा मोठा आहे. हातात जी जुडी धरली आहेस ती पालकाची आहे, हे आईनं चष्मा न लावता ओळखलं.

फोनच करणार होते. पण फोनवर तू 'ताई, दुसरा कॉल येतोय' म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्राला दुसरा कॉल येत नाही. तूही उत्तर कागदावरच दे. आईला मी वाचून दाखवते. भाच्याचं पत्र आलं की तिला चार दिवस पुरतं.

वसतिगृहात यंदा शंभरावर मुली आल्या आहेत. अधीक्षिकेचा दिवस त्यांची डोकी मोजण्यात जातो. तरी तीन दुपारी बसून तुझं पुस्तक सगळं वाचलं. काही शंका आहेत.

पान बारा : 'हिमवर्षाव थांबला की आम्ही अंगणातला बर्फ बाजूला सारून कोवळी पानं खुडायचो.' राजू, तुमच्या लातुरात प्यायचं पाणी रेल्वेनं आलेलं अख्ख्या देशानं पाहिलं. बर्फ कधी पडला? मी तरी तो रसवंतीवरच पाहिलाय.

पान एकोणीस : 'आजोबांच्या तळघरात सफरचंदांची पिंपं भरलेली असायची.' तुझे आजोबा ते माझ्या आईचे वडील, म्हणजे माझेही आजोबाच. भोकरजवळच्या त्या घराला दोन खोल्या होत्या, त्यातली एक म्हशीची. तळघर कुठल्या खोलीखाली होतं?

पान अठ्ठावीसवर अस्वल आलंय. तेवढं एक आमच्या रानाला लागू पडतं.

मी आईला विचारलं, राजू रानात कधी गेला होता? ती म्हणाली, "बारका असताना आल्ता एकदा. काटा मोडला म्हून घरी जायचं म्हणत रडला." मग या एक्कावन्न भाज्या तू पाहिल्यास कधी, तेवढं कळव.

तुझी
बबिताताई

*

लातूर
१ जुलै २०२५

ती. बबिताताईस सा. न.

ताई, तू सगळं वाचलंस हेच लई झालं. हे पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी तू पहिलीच, माझ्यासकट.

तुझ्यापासून काय लपवायचं? क्लासमधलं शिकवणं सोडल्यापासून मी जे करायलो, त्याला पीएलआर म्हणतात. प्रायव्हेट लेबल राइट्स. इंटरनेटवर कंपन्या आहेत, त्या तयार मजकूर विकतात. पुस्तकं, लेख, कोर्स, काय म्हणशील ते. सोबत हक्क देतात : नाव तुमचं टाका, मुखपृष्ठ बदला, कापा, वाढवा, विका. लिहिणारा त्याचा मोबदला घेऊन बाजूला झालेला असतो. चोरी अजिबात नाही. लायसन माझ्या कपाटात आहे. फ्रेम करून भिंतीवर लावणार होतो, पुनम नको म्हणाली.

एका पॅकेजात चाळीस पुस्तकं आली. भाषांतर मशीन करतं. गॅसवर चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत पुस्तक मराठीत. दोन वर्षांत माझ्या नावावर सव्वीस पुस्तकं झाली. मधुमेह, मुलांचं संगोपन, शेअर बाजार, ध्यानधारणा, मांजर कसं पाळावं. आता लोक मला 'सर' म्हणायलेत. क्लासमध्ये बारा वर्षं शिकवलं तेव्हा नुसतं 'ओ' म्हणायचे.

तूच विचार कर. पाहुणे आले की आपण हलवायाची बालूशाही आपल्या ताटलीत घालून पुढं ठेवतो. लग्नपत्रिकेचा मजकूर प्रेसवाल्याचा असतो, खाली नाव मात्र मुलीच्या बापाचं. मोठ्यांची भाषणं कुणीतरी दुसराच लिहून देतो. त्यांना कुणी विचारत नाही. मलाच बर्फावरून का धरतेस? बर्फ पुढच्या आवृत्तीत काढतो.

आता आनंदाची बातमी. १० ऑगस्टला इथं महिला बचत गटांचा रानभाजी महोत्सव आहे आणि प्रमुख पाहुणा मी आहे. आमच्या गल्लीत उज्वलाताई म्हणून आहेत, क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे देतात. त्या माझ्या पुस्तकातले पाच पदार्थ करून मांडणार आहेत.

तुलाही एक पॅकेज पाठवू का? 'वसतिगृह व्यवस्थापनाचे सात मंत्र'. नाव तुझं टाक. जिल्ह्यात वजन वाढेल.

आत्याला नमस्कार.

तुझा
राजू

*

इस्लापूर
९ जुलै २०२५

चि. राजशेखर यास आशीर्वाद.

सात मंत्र नकोत. मला एकच येतो : भात शिजला की नाही ते स्वतःच्या बोटानं दाबून बघायचं.

तुझी बालूशाही मला अर्धी पटली. ती हलवायाची आहे हे पाहुण्याला ठाऊक असतं, आणि तूही 'मी चुलीपुढं बसून तळली' असं सांगत नाहीस. तुझ्या मनोगतात मात्र लिहिलंय, 'ही पानं मी पायी हिंडून, चाखून, जगून लिहिली.' हे वाक्यही पॅकेजातलंच ना? म्हणजे जगलाही दुसराच कुणीतरी.

तयार मजकूर घेणं पाप आहे, असं मी म्हणत नाही. मुलींच्या आरोग्याच्या सूचनांचा छापील नमुना माझ्याकडेही येतो. इथं लागू नाही ते मी खोडते, राहिलेलं डॉक्टरबाईंना दाखवते, मग भिंतीवर लावते. खाली सही माझी असते. ती 'हे मी लिहिलं' अशी नसते, 'हे मी तपासलं' अशी असते. शब्द कुणाचे का असेनात. त्यांच्या मागं उभं कोण आहे, एवढंच वाचणाऱ्याला हवं असतं. तुझ्या पुस्तकामागं कुणीच उभं नाही. तिथं नुसता तुझा फोटो आहे.

आता कामाचं. पान सदतीस : 'रानसुरणाचा कंद सोलून कच्चाच किसावा, लिंबू पिळून कोशिंबीर म्हणून खावा.' हे वाचून दाखवलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कच्चा?"

"तसंच लिहिलंय."

"काय शिकवून राहिला हा लोकायला? जीव घेईन कुनाचा."

रानसुरण कच्चा खाल्ला तर जीभ आणि घसा खाजून सुजतात. इथं तो चिंचेच्या पाण्यात तीनदा उकळतात, दर वेळी पाणी फेकतात, मगच फोडणीला टाकतात. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की परदेशात एक कंद खरोखर कच्चा किसून खातात, त्याला इंग्रजीत 'याम' म्हणतात. मशीननं यामचा सुरण केला असणार. मशीनला घसा नसतो.

काल हे फोनवर सांगितलं तर 'हो हो, ताई' म्हणून तू ठेवून दिलास. म्हणून कागदावर पुन्हा सांगते. उज्वलाताईंना आजच्या आज सांग, पान सदतीस करू नका. बर्फ सावकाश काढलास तरी चालेल.

बबिताताई

*

लातूर
१३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न.

महोत्सव दणक्यात झाला. गर्दी अशी की मांडव पुरला नाही. पेपरात फोटो आलाय, कात्रण सोबत आहे. भाषण मी थोडक्यातच आटोपलं, लांबलचक भाषण आजकाल लोकांना सोसत नाही.

दोन दिवस जरा बाहेर होतो, म्हणून तुझे फोन घेता आले नाहीत. घसाही बसलाय. माईक बरा नव्हता.

पान सदतीसचं मी सांगणारच होतो, तयारीच्या गडबडीत राहून गेलं. विशेष काही झालं नाही.

आत्याला सहज विचारून ठेव, घसा सुजल्यावर ताक चालतं का. एका वाचकाचा प्रश्न आहे.

राजू

*

लातूर
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय बबिताताई यांना पुनमचा नमस्कार.

यांनी तुम्हाला काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, कारण पाकीट मीच चिकटवलं. तो वाचक म्हणजे हेच. बाहेर म्हणजे दवाखान्यात होते, सलाईनवर.

उज्वलाताईंनी पहिली बशी मानानं यांना दिली. यांनी घास घेतला. फोटोवाला म्हणाला, नीट आला नाही, म्हणून दुसरा घेतला. मग माईकपुढं गेले. 'बंधू आणि भगिनींनो' एवढं झालं आणि पुढचा शब्दच फुटेना. डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, सरांना गहिवरून आलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत स्टेजवरचे सगळेच पाहुणे गळे चोळायला लागले होते.

अकरा माणसं दवाखान्यात गेली. पार्वतम्मा म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना श्वास घेता येईना. एक दिवस आम्ही सगळे त्यांच्या खोलीबाहेर बसून होतो. काल त्यांना घरी सोडलं. आता सगळे बरे आहेत.

पण ताई, खरं दुखणं पुढंच आहे. सगळे म्हणायलेत की उज्वलाताईंच्या हाताला घाण असेल, त्यांनीच काही चुकीचं घातलं असेल. क्लासच्या पोरांच्या आईबापांनी डबे बंद केले. साठ डबे होते, नऊ राहिलेत. आणि हे गप्प. पहिले दोन दिवस बोलता येत नव्हतं म्हणून गप्प. आता बोलता येतंय, तरी गप्प.

परवा त्या पुस्तक घेऊन आल्या. सदतिसावं पान उघडूनच आणलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, इथं लिवलंय तसंच केलं मी. एवढं लोकांना सांगा, बस." हे म्हणाले, "बघतो, ताई." त्या गेल्यावर मला म्हणतात, "नाव माझं असलं तरी मजकूर माझा नाही." मी म्हणलं, वा. कुणी शाबासकी दिली की मजकूर तुमचा, आणि घसा सुजला की कंपनीचा?

तुम्ही आधी सांगितलं होतं हे मला आज कळलं. तुमचं ते पत्र यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं, धुवायला टाकताना.

चारशे प्रती बाहेर आहेत. तुमचं ते थोडं ऐकतात. तुम्हीच काहीतरी करा.

तुमची
पुनम

*

इस्लापूर
२८ ऑगस्ट २०२५

राजशेखर,

पुनमचं पत्र मिळालं. तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या घरात खरं लिहिणारं एक माणूस आहे, याचं समाधान मान.

ताक चालतं, असं आई म्हणाली. हे तिनं तुझी काळजी वाटून सांगितलं. मी सांगितलं नसतं.

सोबत वही पाठवतेय. आठ दुपारी आई सांगत होती, मी लिहीत होते. चौतीस भाज्या आहेत. एक्कावन्न भरत नाहीत, कारण तुझ्या सतरा भाज्या या देशात उगवतच नाहीत. ती सांगेल तसं तिच्याच बोलीत ठेवलंय. म्हणजे असं : 'माझी माय म्हनायची, तरोटा कवळा हाय तवरच तोडावा, शेंग धरली की तो गुरायचा झाला.' सुरणाला दोन पानं दिली आहेत. तीन पाणी, तिन्ही फेकायची, हे तिनं माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं.

जुनं पुस्तक परत माग. जिथं जिथं गेलं असेल तिथून. ही वही छाप, वर नाव आईचं टाक, 'नागाबाई' असं. आणि सगळ्यात आधी चार लोकांत उभा राहून उज्वलाताईंचं खरं काय ते सांग. त्याला छापखाना लागत नाही.

बबिताताई

*

लातूर
१७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

वही वाचली. पुनमला विचार, वाचताना माझे डोळे भरून आले. आपल्या घरात एवढं ज्ञान होतं आणि मी ते बाहेर शोधत बसलो.

पुस्तक तयार झालं, दोन प्रती पाठवतोय. वर नागाबाईंचं नाव आहे. खाली 'संकल्पना, संपादन, प्रस्तुती : राजशेखर' असं आहे. तो टाईप जरा मोठा झालाय, ती छापणाऱ्याची चूक. जुन्या प्रती मागवायलोय. काही परत आल्या.

आणखी काही मित्रांपर्यंतही आत्याची वही पोचवतोय. ज्ञान दिल्यानं वाढतं.

उज्वलाताईंचं माझ्या डोक्यात आहे. वातावरण जरा निवळू दे.

राजू

*

इस्लापूर
३ नोव्हेंबर २०२५

राजशेखर,

परवा आमच्याकडे एक पाहुणे आले होते. नांदेडचे शिवलिंगराव, कार्डावर 'रानभाजी अभ्यासक' असं आहे. वसतिगृहाला स्वतःच्या पुस्तकाच्या दहा प्रती भेट द्यायच्या होत्या आणि मुलींसोबत फोटो काढायचा होता. पुस्तकाचं नाव 'मी आणि माझं रान'. मी मुलींना व्हरांड्यात बसवलं. आई शेवटच्या ओळीत बसली होती, तिला कुणी काही वाचून दाखवणार असलं की ती येतेच.

शिवलिंगरावांनी चष्मा लावला आणि वाचलं, 'माझी माय म्हनायची, तरोटा कवळा हाय तवरच तोडावा, शेंग धरली की तो गुरायचा झाला.'

आई म्हणाली, "हे तं मीच म्हनलेलं हाय."

त्यांनी तिला हात जोडले. "आजी, सगळ्या आयांचं ज्ञान एकच असतं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलींची काही चूक नाही.

मी पुस्तक हातात घेतलं. वहीतले शब्द जसेच्या तसे. सुरणावर आले. 'चिंचेच्या पाण्यात उकळून घ्यावा' एवढंच. तीनदा नाही, पाणी फेकायचं नाही. मी विचारलं, बाकीचं कुठं गेलं? ते म्हणाले, "मॅडम, सुरण एकाच पानात बसवायचा होता." मी म्हणाले, मजकूर तुमचा आहे का? त्यांना राग आला नाही. उलट अभिमानानं सांगितलं, "लातूरहून रीतसर घेतलाय. कापायचा, बदलायचा हक्क आहे. लायसन दाखवू का?"

त्यांनी लायसन दाखवलं. त्यावर तुझी सही आहे.

म्हणजे ते तुझे मित्र. किती आहेत असे, राजू? आम्ही ही वही केली ती पुन्हा कुणाचा घसा सुजू नये म्हणून, आणि तू तिच्यासोबत तीच ओळ कापायचा परवानाही विकलास. तुझी ती कंपनी बरी म्हणायची. तिला निदान आत्या नव्हती.

ते गेल्यावर आईनं त्या दहा प्रती एकावर एक रचल्या. मग मला विचारलं, "माझी माय आता त्याची झाली का गं?"

उत्तर राजूकडून मागवते, असं मी तिला सांगितलं. तुला येत असेल तर दे. ती तुझीही आजी होती, आणि तू तिला लायसनसकट विकलंस.

बबिता

*

लातूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर लिहायला बसलो होतो की लायसन कसं कायदेशीर आहे, वही माझ्या ताब्यात तूच दिलीस वगैरे. दोन पानं झाली होती. तेवढ्यात उज्वलाताई आल्या, पुनमला भेटायला. डबे बंद करून उदगीरला माहेरी जायला निघाल्या होत्या. मोठी भांडी विकायला काढली होती, पुनमला म्हणाल्या, तुम्हाला हे पातेलं लागतं का बघा. पुनमनं त्यांना बसवलं, माझ्या हातातून तुझं पत्र घेतलं आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मग तुझं ते जुलैचं, पान सदतीसचं पत्रही वाचलं.

उज्वलाताईंनी शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक होतं?" मी हो म्हणलो. त्या उठून गेल्या. पातेलं दारातच राहिलं.

तेवीस जणांना विकली, ताई. खोटं सांगत नाही. पुनमनं यादी पाहिली आहे.

मी दोन्ही पानं फाडली आणि कोरा कागद घेतला. पॅकेज नव्हतं, मशीन नव्हतं. अकरा वाक्यांना चार तास लागले. ती अशी :

'मी राजशेखर. हिरवं अमृत हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, विकत घेतलेलं आहे. मी ते वाचलंही नव्हतं. त्याच्या सदतिसाव्या पानामुळं अकरा माणसं दवाखान्यात गेली. ते पान चुकीचं आहे हे मला महिनाभर आधी सांगितलं होतं, मी कुणाला सांगितलं नाही. उज्वलाताईंनी पुस्तकात होतं तसंच केलं. त्यांची काही चूक नाही. रानसुरण चिंचेच्या पाण्यात तीनदा उकळायचा, तिन्ही वेळा पाणी फेकायचं, मगच खायचा. हे माझी आत्या नागाबाई यांनी सांगितलं. त्यांची वही मी त्यांना न विचारता तेवीस जणांना विकली. ज्यांनी घेतली त्यांनी वर नागाबाईंचं नाव टाकावं आणि तीन पाण्यांची ओळ कापू नये.'

बचत गटाच्या बैठकीत जाऊन मी हे उभ्यानं वाचलं. पार्वतम्मा पुढंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, मागं ऐकू जाईना." मग पुन्हा वाचलं. क्लासच्या गल्लीत चार फलकांवर लावलं. तेवीस जणांना मेलनं पाठवलं. जुन्या पुस्तकाच्या दोनशे दहा प्रती परत आल्या आहेत, बाकीच्यांच्या मागं आहे. इंटरनेटवरची विक्रीची पानं सगळी बंद केली, मांजराचंसुद्धा.

आत्याला ही अकरा वाक्यं वाचून दाखव.

राजू

*

लातूर
२ डिसेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

उज्वलाताई गेल्या नाहीत. एकतीस डबे परत सुरू झाले. आमच्या घरी येतात, पुनमशी बोलतात, माझ्याशी नाही. परवा चहा ठेवला तर बशी माझ्याकडं सरकवली, एवढं झालं.

तेवीस जणांपैकी सहा जणांनी नागाबाईंचं नाव टाकलं आणि ओळ घातली. चौघांनी पुस्तक बंद केलं. बाराजणांचं उत्तर नाही, त्यांना रोज फोन करायलो. उरला तो शिवलिंग, त्याच्यासाठीच हे पत्र.

त्यानं माझी अकरा वाक्यं इंटरनेटवर स्वतःच्या पानावर टाकलीत. आपल्या नावानं. 'मी शिवलिंग. मी आणि माझं रान हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, विकत घेतलेलं आहे.' पुढं सगळं माझंच, अक्षर न् अक्षर. 'माझी आत्या नागाबाई' हेसुद्धा. मी पाठवलेला मेल त्याला पॅकेजातला या महिन्याचा नवा मजकूर वाटला. खाली सहाशे लोकांनी लिहिलंय, असा प्रांजळ माणूस आजच्या काळात विरळा. कुठल्याशा मंडळानं त्याचा सत्कार ठेवलाय, नांदेडला, शाल-श्रीफळ देऊन.

मी फोन केला. म्हणलं, अरे, ते माझं होतं. चार तास बसलो होतो मी त्यापायी. ती चूक माझी आहे, तुझी नाही. तो म्हणाला, "सर, लायसन आहे ना." मी म्हणलं, तुझ्या सुरणानं कुणी दवाखान्यात तरी गेलं का? तर म्हणाला, "अजून नाही, सर."

ताई, आयुष्यात एकच गोष्ट मी स्वतः लिहिली, आणि तीही गेली. वकिलाला विचारलं, तो हसायला लागला. मी काय करू?

त्याच्या पानाची छापील प्रत सोबत जोडली आहे.

राजू

*

इस्लापूर
१० डिसेंबर २०२५

चि. राजशेखर यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. शिवलिंगरावांची प्रतही वाचली, कारण तिनं ती हातात धरून ठेवली होती. सत्काराचं ऐकून तिनं प्रत माझ्यापुढं धरली. मग विचारलं, "तीन पान्याचं हाय का त्यात?"

मी पुन्हा पाहिलं. आहे. कापलेलं नाही. लोकांनी स्तुती केली त्यात तीही ओळ सहाशे जणांनी वाचली.

"मंग राहू दे," ती म्हणाली.

त्यामुळं वकिलाचा नाद सोड. बाराजणांचं काम आधी पुरं कर. शिवलिंगरावांच्या सत्काराला जायचं तर जा, पण मागं बसून टाळ्या वाजव. उज्वलाताई बोलत नाहीत तोवर त्यांच्यामागं लागू नकोस.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "राजूला लई लागलं का?"

मी म्हणाले, हाव, लई लागलंय.

"बरं झालं," म्हणाली, आणि मला कोरी वही आणायला लावली. हेटीच्या, म्हणजे हादग्याच्या फुलांचं आणि बांबूच्या कोंबाचं सांगायचं राहिलं होतं. आज दुपारपासून ती सांगतेय, मी लिहून घेतेय. ही वही तुला पाठवणार नाही.

तुझी
बबिताताई